स्कॅनर बंद पडला की आधी काय बघायचं?

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, बायकांच्या कार्यक्रमात हे स्कॅनरचं काय काढलं? पण ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, सेवा केंद्रात डोकावून बघा. संगणकासमोर बसलेली बाईच, आणि टेबलाच्या पलीकडे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी असलेलीही बाईच. पलीकडची मसुऱ्याहून नाहीतर देवबागेहून एसटीने आलेली असते. नवऱ्यामागे घर नावावर करायचं असतं, मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असते. तिला ‘मशीन चलणा नाय, फाल्या येवा’ म्हटलं की तिचा एक दिवस गेला, एक रोज गेला, जाण्यायेण्याचं भाडं गेलं. आणि स्कॅन झाला पण अर्ज ‘कागद वाचता येत नाही’ असा शेरा मारून परत आला, तर तिला ते कळायलाच आठ दिवस जातात.

आम्ही काहीजणी गेली काही वर्षं अशा टेबलांच्या अलीकडे बसतो. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. संगणक बिघडला असं ज्याला आपण म्हणतो, त्यातल्या पुष्कळ वेळा संगणक बिचारा निर्दोष असतो. कागद आपल्या हातातून निघतो, यंत्राच्या काचेवर जातो, तिथून वायरीने संगणकात जातो आणि शेवटी एखाद्या प्रोग्रॅममध्ये फाइल होऊन बसतो. ही चार स्टेशनं. गाडी नेमकी कुठल्या स्टेशनावर अडली ते आधी शोधायचं. ते न शोधता आपण संगणक बंद करून परत चालू करतो. कधी जमतं, कधी नाही, आणि जमलं तरी का जमलं ते कळत नाही.

अडलेलं स्टेशन ओळखायची सगळ्यात सोपी परीक्षा सांगतो. तुमचं यंत्र प्रिंट, कॉपी, स्कॅन असं तिन्ही करणारं असेल, तर संगणकाला हात न लावता त्याच कागदाची एक झेरॉक्स काढा. झेरॉक्स स्वच्छ आली तर काच, दिवा, रोलर सगळं ठीक आहे. गडबड वायरीत किंवा संगणकात आहे. झेरॉक्सही खराब आली तर संगणकाकडे बघूच नका, दोष यंत्राचा किंवा कागदाचा आहे. एका मिनिटात अर्धी शोधाशोध संपते.

आता आपल्या मालवणी किनाऱ्याचा खास शत्रू, तो म्हणजे दमट हवा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने असते. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत या हवेबद्दल एखादी ओळ असते, पण इथे निम्म्या तक्रारींचं मूळ तेच असतं असं आम्हाला वाटतं. जून ते सप्टेंबर कागद ओलसर आणि जड होतो, कडा वळतात, एकाला एक चिकटतो. असा गठ्ठा वरच्या फीडरमध्ये ठेवला की यंत्र एका वेळी दोन पानं ओढतं. कागद अडकला तर निदान कळतं तरी. दोन पानं एकदम गेली की कळतच नाही, सहा पानांचं खरेदीखत पाच पानांचं होऊन पुढे जातं. म्हणून फीडरमध्ये ठेवण्याआधी गठ्ठा पत्ते पिसल्यासारखा सैल करायचा, पिना काढायच्या, पानं मोजायची, आणि स्कॅन झाल्यावर फाइलमधली पानं परत मोजायची. मोजण्याचा कंटाळा करू नका.

फीडरचे रबरी रोलर धूळ आणि कागदाची भुकटी बसून गुळगुळीत होतात आणि मग कागद ओढत नाहीत. यंत्र बंद करून, पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या स्वच्छ कापडाने रोलर हाताने फिरवत पुसायचे, पूर्ण सुकू द्यायचे. तेल, रॉकेल, डोक्याचं स्पिरिट असलं काही नाही.

काचेचंही तसंच. काचेवर द्रव थेट फवारायचा नाही. तो कडेने आत उतरतो आणि काचेखाली धुक्यासारखा थर बसतो, तो आपल्याला काढता येत नाही. कापडावर थोडं घ्यायचं आणि मग पुसायचं. यंत्रावर झाकण घालायचं ते सुती कापडाचं. प्लास्टिकचं घातलं की आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यात यंत्र आठ-आठ दिवस बंद ठेवू नका, रोज थोडं तरी चालवा. कपाटात जुने कागद असतील तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.

एक गंमत बघा. स्कॅन केलेल्या पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ येते. सगळे मोठी काच पुसतात, रेघ जात नाही, मग ‘मशीन गेलं’ असा निकाल लागतो. मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची दुसरी एक काचपट्टी असते. फीडरमधून जाणारा कागद त्या पट्टीवरून सरकतो. कागद हलतो, पट्टी हलत नाही. म्हणून पट्टीवर मोहरीएवढा डाग असला, व्हाइटनरचा असो की गोंदाचा, तरी तो पानभर रेघ होऊन उमटतो. तोच कागद मोठ्या काचेवर ठेवून स्कॅन करा. रेघ आली नाही तर ती पट्टी पुसा. काम झालं.

जुने कागद मात्र फीडरमध्ये घालायचेच नाहीत. आजोबांच्या वेळचे फेरफार, कुळाच्या पावत्या, शाळेचे दाखले यांच्या घड्या विरलेल्या असतात. ते काचेवरच ठेवायचे, आणि फाटके असतील तर पारदर्शक फोल्डरमध्ये घालून. पातळ कागदाची मागची अक्षरं पुढे दिसत असतील तर कागदाच्या मागे एक काळा कागद ठेवून झाकण लावा. मागची अक्षरं बऱ्यापैकी नाहीशी होतात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा छपरं उडाली आणि कपाटांतले कागद भिजले. नुकसानीचे पंचनामे, अर्ज, त्यासाठी लागणारे कागद, आणि तेच कागद भिजलेले. अशा वेळी काय करायचं ते आजच ऐकून ठेवा. ओला कागद कधीच स्कॅनरमध्ये घालू नका, यंत्र आणि कागद दोन्ही जातील. सुटे होणारे कागद हलक्या हाताने वेगळे करून कोऱ्या कागदावर किंवा सुती कापडावर सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली पसरायचे. छापील वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई लागते. इस्त्री नको, कडक ऊन नको. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. थोडे सुकले की त्यातले काही आपसूक सुटतात. घाई असेल तर ओल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, निदान मजकूर तरी हाती राहतो.

वायरीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. ‘स्कॅनर सापडत नाही’ असा संदेश आला की आधी बघा यंत्र चालू आहे का. हसू नका, वीज जाऊन आली की काही यंत्रं आपली आपण चालू होत नाहीत. मग यूएसबीची पिन काढून परत घाला, नाहीतर दुसऱ्या खाचेत घाला. खाऱ्या हवेने पिनेवर हिरवट थर येतो आणि दोन-तीनदा आतबाहेर केल्याने तो घासला जातो. दुसरा एखादा प्रोग्रॅम आधीच स्कॅनर धरून बसला असेल तर तो बंद करा. विंडोजमध्ये ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ नावाची एक सेवा पडद्यामागे चालू लागते. ती थांबली असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन परत सुरू करता येते.

यंत्र वाय-फायवर असेल तर वेगळी भानगड. वीज गेली, राउटर परत चालू झाला, आणि त्याने यंत्राला नवा पत्ता दिला. संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारतोय आणि घर दुसऱ्याच वाडीत गेलेलं. आपल्याकडे पावसात दिवसाला चारदा वीज जाते, त्यामुळे हे सारखं होतं. एकदाच जाणकाराकडून यंत्राला कायमचा पत्ता लावून घ्या. यंत्र स्कॅन थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकत असेल आणि एके दिवशी अचानक टाकेनासं झालं, तर आठवा, संगणकाचा पासवर्ड कोणी बदलला का? यंत्राला अजून जुनाच माहीत असतो. आणि संगणक नवा, यंत्र जुनं असेल तर आणखी एक अडचण येते. फोल्डर वाटून घेण्याची जी जुनी पद्धत ही यंत्रं वापरतात, ती २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी आपोआप बसत नाही. ती परत चालू करण्यापेक्षा यूएसबी वायर लावून स्कॅन केलेलं बरं.

विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून जिथे नवा संगणक येतो, तिथे जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर मिळतो की नाही हे संगणक घेण्याआधी बघा. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषी. दुभाष्याशिवाय दोघंही धडधाकट आणि दोघंही मुके. ड्रायव्हर नेहमी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायचा. ‘फुकट ड्रायव्हर’ देणाऱ्या भलत्या जागी व्हायरसही फुकटच मिळतो.

आता प्रोग्रॅम आणि फाइल. जुन्या ऑफिसांत अजून ‘एमडीआय’ अशा शेपटाच्या फाइली सापडतात आणि नव्या संगणकावर त्या उघडत नाहीत. त्या ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस डॉक्युमेंट इमेजिंग’ या प्रोग्रॅमच्या. २००१ च्या ऑफिस एक्सपीबरोबर तो आला, २००३ मध्ये होता, २००७ मध्ये मुद्दाम बसवावा लागे आणि ऑफिस २०१० मध्ये काढून टाकला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘मोडी’ होतं! आपल्या घरच्या पेटाऱ्यात मोडीतले कागद आणि संगणकातही मोडीतल्या फाइली, दोन्ही वाचणारे कमी. तो जुना संगणक अजून श्वास घेत असेल तर आजच त्यावर त्या फाइली उघडून ‘टिफ’ म्हणून सेव्ह करून घ्या, मग त्यांची पीडीएफ करता येईल. फाइलचं शेपूट नुसतं बदलून ‘पीडीएफ’ लिहिलं म्हणजे फाइल बदलत नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलून कोकमाचं लोणचं होत नाही, तसंच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी फाइलच्या आकाराची. पोर्टल म्हणतं इतक्याच केबी, आपली फाइल दसपट. याचं गणित एकदा समजून घ्या, जन्मभर उपयोगी पडेल. स्कॅनर कागदाचे बारीक ठिपके करतो. एका इंचात किती ठिपके, त्याला डीपीआय म्हणतात. एफोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे मुळात २६ एमबी. राखाडी छटांत त्याच्या एक तृतीयांश. निव्वळ काळंपांढरं घेतलं तर जेमतेम एक एमबी. हे दाबण्याआधीचे आकडे. जेपीईजी किंवा पीडीएफ करताना ते बरेच कमी होतात. आणि ६०० डीपीआय म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट, कारण ठिपके उभेही दुप्पट होतात आणि आडवेही. म्हणून साध्या छापील कागदाला २०० डीपीआय राखाडी पुरतं. बारीक अक्षर, हस्ताक्षर, जुना कागद असेल तर ३००. त्याच्यावर जायचं कारण अर्जासाठी सहसा नसतं.

मग सगळंच काळंपांढरं का करू नये? कारण त्यात प्रत्येक ठिपक्याचा निकाल ‘काळा की पांढरा’ असा लागतो, मधलं काही नाही. फिकट जांभळा शिक्का, निळी सही, विटलेली शाई पांढऱ्यात जमा होते आणि दाखला बिनशिक्क्याचा ठरतो. शिक्का-सही असलेला कागद रंगीतच घ्या. आकार मोठा झाला तर डीपीआय उतरवा, रंग नको.

आणखी एक. सातबारा ऑनलाइन डिजिटल स्वाक्षरीचा काढलेला असेल, तर त्याची प्रिंट काढून परत स्कॅन करू नका. ती स्वाक्षरी त्या पीडीएफच्या पोटात असते. स्कॅन केला की उरतो नुसता फोटो, त्यातून स्वाक्षरी तपासता येत नाही. मूळ पीडीएफच अपलोड करा. डिजिलॉकरमधल्या कागदांचंही तेच.

फाइल झाली, आकार बसला. आता पाठवायची? थांबा. ती उघडून मूळ कागदाशेजारी ठेवून वाचा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही ऑफिस-यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका घराच्या नकाशात वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या खोल्यांवर एकच आकडा उमटला होता. दुसरीकडे ६ चे ८ झाले होते. पान धूसर नाही, फाटलेलं नाही, आकडा छान ठसठशीत, फक्त चुकीचा! फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे आकार एकदाच साठवून सगळीकडे तेच चिकटवत होतं, आणि त्याला बारीक ६ आणि ८ सारखेच वाटत होते. कंपनीने नंतर त्यावर दुरुस्ती दिली. पण आपल्याकडे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, खातं नंबर, पासबुकावरचा लांबलचक आकडा यांतला एक आकडा फिरला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून आकडे बोट ठेवून वाचा. यंत्रात ‘जास्तीत जास्त लहान फाइल’ अशी सेटिंग असेल तर ती कागदपत्रांसाठी टाळा.

स्कॅनमधून मजकूर काढणारे प्रोग्रॅम आता मराठीही वाचतात. गूगल ड्राइव्हमध्ये पानाचं चित्र टाकून ते डॉक्समध्ये उघडलं की टाइप केलेला मजकूर मिळतो. टेसरॅक्ट नावाचा फुकट प्रोग्रॅमही मराठी जाणतो. यादी, ठराव, परिपत्रक परत टाइप करण्याचे कष्ट वाचतात. पण ‘ध’ चा ‘घ’, ‘ब’ चा ‘व’, ‘म’ चा ‘भ’ होऊ शकतो, आणि मग धामापूरचं घामापूर होतं. पान तिरकं ठेवलं, अक्षर फिकट असलं की चुका वाढतात, म्हणून या कामासाठी ३०० डीपीआय आणि सरळ पान. हाताने लिहिलेला मोडी कागद मात्र या प्रोग्रॅमांकडून सुटत नाही. त्याचा स्वच्छ रंगीत स्कॅन करून मोडी जाणकाराला दाखवावा, मूळ कागद घरीच ठेवावा.

मूळ कागद परत करणं आणि संगणकातली नक्कल पुसणं, ही दोन्ही कामं आपलीच. किती ऑफिसांत डेस्कटॉपवर गावभरच्या बायकांची आधार कार्डं उघडी पडलेली असतात! काम झालं की फाइल पुसा, डाउनलोडमधली पुसा, रिसायकल बिनमधलीही पुसा. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे असाल तर हे करायला सांगा, संकोच नको. जिथे चालतं तिथे पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्या. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली येणाऱ्या सेवांसाठी ते देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

यंत्र खरंच गेलं आणि शेवटची तारीख आजच असेल तर मोबाइल काढा. कॅमस्कॅनर हे ॲप जून २०२० मध्ये सरकारने बंद केलं, पण गूगल ड्राइव्हमध्येच कागद स्कॅन करण्याची सोय आहे. कागद खिडकीजवळ सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, आपलीच सावली कागदावर पडू देऊ नका. कागदाखाली गडद रंगाचं काही असलं की ॲपला कडा नीट सापडतात.

दुरुस्तीवाल्याला फोन लावाल तेव्हा ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. संगणकावर आलेल्या संदेशाचा फोटो काढून पाठवा. झेरॉक्स निघते का, काचेवरून होतं आणि फीडरमधून होत नाही असं आहे का, बंद पडण्याआधी वीज गेली होती का, पासवर्ड किंवा राउटर बदलला होता का, एवढं सांगा. कुडाळहून त्याला निघायला दोन दिवस लागणार असतात. एवढं कळलं तर पुष्कळदा तो फोनवरच सांगतो काय करायचं ते.